अनुभवाच्या रकान्यात काय लिहावे?

प्रश्न : बी.कॉम. झाल्यावर लग्न आणि मुलांमुळे मी सात वर्षे घरीच होते. त्या काळात एक्सेल आणि टॅली स्वतःच शिकले, लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरचा संगणक दुरुस्त केला आणि गेली दोन वर्षे आमच्या सोसायटीची मेंटेनन्सची बिले व थकबाकीचा हिशेब मीच विनामोबदला सांभाळते. नोकरीच्या जाहिरातींत 'किमान दोन वर्षांचा अनुभव' मागतात. हे सारे अनुभव म्हणून लिहिले, तर तो खोटेपणा ठरेल का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : एक्सेल आणि टॅली शिकणे किंवा स्वतःचा संगणक दुरुस्त करणे हे कौशल्य आहे आणि अर्जात त्याची जागा कौशल्यांच्या रकान्यात आहे. सोसायटीचे काम मात्र वेगळे आहे. तेथे बिले वेळेवर निघावी लागतात, एखाद्या सभासदाने भरलेली रक्कम जमा धरायची राहिली तर त्याच्या नावावर नसलेली थकबाकी दिसते, आणि ३१ मार्चला वर्ष संपले की तेच हिशेब लेखापरीक्षकापुढे व ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावे लागतात. दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब दोन वर्षे चोख ठेवणे हा अनुभवच आहे, मग त्याचा पगार मिळालेला नसला तरी. म्हणून 'घरीच होते' हे शब्द तुम्ही स्वतःबद्दल वापरू नयेत, असे मला मनापासून वाटते.

मात्र या नोंदीपुढे 'मानद' हा शब्द अवश्य लिहावा. पगारी नोकरी असल्याचे भासवले, तर पडताळणीच्या वेळी पगारपत्रक आणि कार्यमुक्तीचे पत्र मागितले जाईल व खरे कामही संशयास्पद ठरेल. मुलाखतीला जाताना बिलांचा एखादा नमुना, सभासदांची नावे आणि सदनिका क्रमांक काढून टाकून, सोबत न्यावा. लहान कार्यालयांत बहुधा तेथेच एक्सेलवर काहीतरी करून दाखवायला सांगतात.

सरकारी नोकरीत हा मार्ग सहसा चालत नाही. तेथे जाहिरातीत मागितलेले प्रमाणपत्रच ग्राह्य धरतात. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचे मिनिटाला ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्दांचे प्रमाणपत्र लागते, शिवाय २००१ पासून सुरू असलेली एमएस-सीआयटी किंवा तिच्याशी समकक्ष परीक्षा. त्यातले बरेचसे तुम्हाला आधीच येत असेल, तरीही तिकडे वळायचे असल्यास ती परीक्षा देऊन टाकावी.

राहिला पुरावा. सोसायटीच्या लेटरहेडवर सचिवांच्या सहीचे पत्र घ्यावे आणि त्यात कोणत्या महिन्यापासून, किती सदनिकांचे, नेमके कोणते काम तुम्ही पाहिले हे लिहून घ्यावे. 'काम समाधानकारक आहे' एवढ्या एका ओळीचा उपयोग होत नाही. हे पत्र आताच मागावे, कारण कार्यकारिणी बदलली की तुमचे काम जवळून पाहिलेले सचिव त्या पदावर असतीलच असे नाही.