डायलिसिसच्या पेशंटचं ट्रोपोनिन वाढलेलं आलं तर? आधी जुना रिपोर्ट शोधा

तुम्ही लिहिलंय की आईचं डायलिसिस चालू आहे, ट्रोपोनिन टी (हार्टच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन) ४८ आलं, लॅबवाला म्हणाला हार्टचं बघा, कोलेस्टेरॉल मात्र नॉर्मल, मग नक्की काय धरायचं. मी डॉक्टर नाही, गोव्यात डिचोलीला राहतो, पण बाबा पाच वर्षं डायलिसिसवर होते, त्यामुळे रिपोर्ट बघून बघून जे कळलं ते सांगतो.

त्या ४८ समोर जी रेंज छापलीय ना, १४ पर्यंत नॉर्मल, ती किडनी धड असलेल्या माणसांची. डायलिसिसवाल्यांचं हायसेन्सिटिव्ह ट्रोपोनिन टी जवळजवळ सगळ्यांचंच त्याच्या वर असतं, छातीत काही होत नसताना पण. म्हणून ते फालतू असं नाही हां, वर्षानुवर्षं जास्त राहणाऱ्यांना हार्टचा धोका जास्त हे खरंच आहे. पण धोका जास्त असणं वेगळं आणि आत्ता अटॅक येणं वेगळं.

बाबांना एकदा रात्री छातीत भरून आल्यासारखं झालं, कॅज्युअल्टीत नेलं तर ट्रोपोनिन ६२. तिथला पोरगेला डॉक्टर घाबरला, आम्ही त्याच्याहून घाबरलो. नेफ्रोलॉजिस्टनी (किडनीच्या डॉक्टरांनी) फोनवर एकच विचारलं, आधीचा आकडा किती? आमच्याकडे फाईल होती पण घरी, कपाटावर! मग तीन तासांनी परत रक्त काढलं, ६३, ईसीजी पहिल्यासारखाच, म्हणजे ते बाबांचं नेहमीचंच. त्या दिवसापासून मी सगळे आकडे लिहायची वही केली. दीड वर्षाने नुसती धाप लागली, छातीत दुखणं अजिबात नाही (शुगरवाल्यांना कधी कधी दुखतच नाही), आणि आकडा काही तासांत ६० वरून १४० वर गेला, तेव्हा वहीतला जुना आकडा दाखवल्यावर कोणी वेळ घालवला नाही. ढोबळ हिशोब असा की काही तासांत २० टक्क्यांहून जास्त चढला तर ते नेहमीचं नाही, हार्टला आत्ता इजा होतेय असं धरायचं. आणि टी ची तुलना टी शीच, ट्रोपोनिन आय ही वेगळी टेस्ट, तिचा आकडा वेगळा, शक्यतो लॅबपण तीच ठेवा.

कोलेस्टेरॉलचं म्हणाल तर त्यावर फार विसंबू नका. डायलिसिस पेशंटांवर स्टॅटिनचे (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांचे) दोन मोठे अभ्यास झाले, २००५ चा फोर-डी आणि २००९ चा ऑरोरा, दोन्हीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मस्त उतरलं पण अटॅक, स्ट्रोक आणि हार्टचे मृत्यू मिळून काही ठोस फरक पडला नाही. म्हणून २०१३ च्या केडिगो (किडनीच्या आजारांवरची आंतरराष्ट्रीय संस्था) गाइडलाइनमध्ये डायलिसिसवर नव्याने स्टॅटिन सुरू करू नका असं आहे, आधीपासून चालू असेल तर चालू ठेवा. आईची गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका! आणि कोलेस्टेरॉल खूपच कमी दिसलं तर खूश होऊ नका, बऱ्याचदा ते जेवण तुटल्याचं किंवा अंगात कुठेतरी इन्फ्लमेशन (आतली सूज) असल्याचं असतं.

त्यापेक्षा अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) आणि सीआरपी (इन्फ्लमेशन असलं की वाढतं) जोडीने बघा. अल्ब्युमिन साडेतीनच्या खाली आणि सीआरपी वर असेल तर मानेतला कॅथेटर, दात, पायाची जखम, काहीतरी धुमसतंय का ते विचारा. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रोटीन वाढवायचं असतं, पण घरोघरी अजून डायलिसिसआधीचं कमी प्रोटीनचं पथ्यच चालू असतं, आमच्याकडेपण सहा महिने आई बाबांना अंडं देत नव्हती.

फॉस्फरस हा आपल्या गोंयकारांचा दुखरा विषय. जून-जुलैत मासेमारी बंद, पुरुमेंताचं (पावसाळ्यासाठी साठवलेलं) सुकं मासे-सुंगटं बाहेर निघतं, आणि बाबांचा फॉस्फरस ४.९ वरून ६.८. आई म्हणायची थोडीशीच किस्मूर (सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची कोशिंबीर) दिली हो. पण सुक्या सुंगटात फॉस्फरस आणि मीठ दोन्ही, मिठाने तहान, तहानेने पाणी, आणि दोन डायलिसिसच्या मध्ये वजन तीन किलो वर, तो ताण थेट हार्टवर. फॉस्फरस जास्त राहिला की रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठत जातं. बाइंडरची गोळी (जेवणातला फॉस्फरस पोटातच बांधणारी) जेवतानाच घ्यायची, बाबा झोपताना घ्यायचे, वर्षभर, कोणी विचारलंच नाही.

पोटॅशियमचा धोका तर ताबडतोबीचा, ते वाढलं की हार्टची लय बिघडते, शहाळ्यात ते भरपूर, म्हणून शहाळं बंद म्हणजे बंद.

आता तुमचं काम एवढंच, ४८ च्या आधीचं ट्रोपोनिन किती होतं ते फाईलमध्ये शोधा आणि पुढच्या डायलिसिसला नेफ्रोलॉजिस्टना दोन्ही दाखवा, इको (हार्टची सोनोग्राफी) कधी झालाय तेपण विचारा. मधे आईला धाप लागली, घाम फुटला, छातीत जड वाटलं तर मात्र आकडे बिकडे बघत बसू नका, १०८ ला फोन करा आणि फाईल सोबत न्या.