बालगुन्हेगारीवरचा कोणता रशियन चित्रपट पाहावा?

गुन्हेगारीकडे वळलेल्या मुलांवरचा रशियन चित्रपट सुचवा, पण प्रचारकी नको, असं तुम्ही विचारलंय. मी नेमका प्रचारकीच सुचवतोय. निकोलाय एक्क यांचा १९३१ चा 'पुत्योव्का व झिज्न'; शोधताना 'रोड टू लाइफ' टाका. सोव्हिएत संघातल्या अगदी पहिल्या बोलपटांपैकी हा एक.

पहिलं महायुद्ध, मग यादवी, मग १९२१-२२ चा व्होल्गाकाठचा दुष्काळ. यांत पोरकी झालेली लाखो मुलं स्टेशनांवर, तळघरांत राहायची आणि चोऱ्या करून पोट भरायची. चित्रपटात मुस्तफा हा त्यांचा म्होरक्या. एका बाईच्या उंची फरकोटाचा पाठीमागचा तुकडा तो असा कापून नेतो की तिला पत्ताच लागत नाही. सेर्गेयेव नावाचा माणूस या टोळीला पहारेकऱ्यांशिवाय एका जुन्या मठातल्या श्रमवसाहतीत न्यायचं ठरवतो. निघताना प्रवासासाठी खाणं आणायला पैसे देतो ते मुस्तफाच्याच हातात! गाडी सुटायची वेळ होत येते, मुस्तफाचा पत्ता नाही. शेवटी तो येतो, सगळं सामान घेऊन. वर एक चोरलेला सॉसेजही. सुधारणा एका रात्रीत होत नाही हे व्याख्यान न देता सांगणारा इतका मिश्किल प्रसंग मी क्वचितच पाहिलाय.

उत्तरार्ध मात्र भाषणबाज आहे. मुलं रेल्वेमार्ग बांधतात, गुंडांचा अड्डा उधळतात वगैरे. ते सोसा.

कारण खरी गोष्ट पडद्याबाहेर आहे. मॉस्कोजवळच्या ज्या बोल्शेव्हो वसाहतीचा आदर्श इथे आहे, ती गुप्त पोलिसांनी चालवलेली होती. म्हणजे प्रचार होता तो गुप्त पोलिसांच्या मायेचा. आणि पुढे? एप्रिल १९३५ च्या फर्मानाने बारा वर्षांच्या मुलांनाही मोठ्यांसारख्या फौजदारी शिक्षा लागू झाल्या. वसाहतीचे संस्थापक मात्वेई पोग्रेबिन्स्की यांनी १९३७ मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. मुस्तफा झालेला यिवान किर्ल्या हा मारी या व्होल्गाकाठच्या समाजाच्या भाषेतला कवी. चित्रपटात ट्रॉलीवरून जाताना तो आपल्याच भाषेतलं गाणं गातो. त्यालाही १९३७ मध्येच अटक झाली आणि १९४३ मध्ये तो छावणीत मेला. पडद्यावर त्याला गुंड मारतात, प्रत्यक्षात सरकारने मारलं. एवढं माहीत असताना तो हसरा चेहरा पाहा, प्रचारपट वेगळाच दिसू लागतो.

तरीही बिनप्रचाराचाच हवा असेल, तर विताली कानेव्हस्की यांचा 'झाम्री, उम्री, व्होस्क्रेस्नी' बघा. १९९० मध्ये कान महोत्सवात पदार्पणाच्या चित्रपटाचा 'कॅमेरा द'ऑर' त्याला मिळाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतरचं, रशियाच्या अतिपूर्वेतलं खाणींचं गाव, उपद्व्यापी वालेर्का आणि त्याला सतत सावरणारी गाल्या. तिथे कुणी सेर्गेयेव येत नाही. फक्त हा चित्रपट रात्री उशिरा एकट्याने लावू नका, फार जड जातो.