पुरवठा तुटल्यावर कोणती बंदूक कामाची?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत, गावाबाहेर राहणाऱ्या माणसानं गोळ्या मिळेनाशा झाल्या तर कोणती बंदूक जवळ ठेवावी. बंदूक नंतर, आधी काडतूस ठरवा.

माझं मत: .२२ लाँग रायफल या छोट्या काडतुसाची बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक बारानंतर हातानं बोल्ट ओढून पुढची गोळी भरायची ती) आणि बारा बोअरची, म्हणजे छर्ऱ्यांच्या जाड काडतुसाची, साधी दुनळी. तिसऱ्या प्रकारचं काडतूस आणू नका, साठा विभागला जातो.

.२२ ची ५०० काडतुसं जेमतेम पावणेदोन किलो भरतात. बारा बोअरची २५ काडतुसंच किलोच्या वर जातात. ससा, खार यांना .२२ पुरते, हरणासाठी ती नाही. मात्र रिकामं .२२ पुन्हा भरता येत नाही, कारण पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो आणि पिनेनं ती कड चेपलेली असते. म्हणून साठा आधीच हवा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या दुकानांतून .२२ गायब झाली होती, हे विसरू नका.

सेमी-ऑटो, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी बंदूक, का नको? तिची यंत्रणा फिरायला काडतुसाचा पुरेसा जोर लागतो. जुनी, कमजोर गोळी आली की ती अडकते. बोल्ट हातानं ओढायचा असल्यानं त्यात कमजोर .२२ ही चालते.

दुनळीत छर्रे, मोठे छर्रे, एकसंध गोळी, जे हाती लागेल ते चालतं. पण घराची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची, लांबी नळीवर कोरलेली असते ती वाचा. पावणेतीन इंची घरात तीन इंची काडतूस सहज बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. त्याहून वाईट म्हणजे वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरमध्ये जाणं. ते पुढे सरकून नळीत अडकतं, घर रिकामं दिसतं, माणूस मागून बारा बोअरचं भरतो आणि नळी फुटते. वीस बोअर पिवळ्या रंगात येतं ते यासाठीच. ही दोन्ही काडतुसं एकत्र ठेवूच नका.

चाप ओढूनही बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून ३० सेकंद थांबा. आवाज फुसका आला तर पुढची गोळी भरू नका. बंदूक रिकामी करून नळीत काही अडकलंय का ते आधी बघा.

काडतुसं हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह, थंड जागी ठेवा. त्यांना तेल लावू नका, ते आत झिरपून मसाला मारतं. सुटे भाग म्हणून फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस बाहेर ओढणारा भाग) आणि स्प्रिंगा आत्ताच घेऊन ठेवा.