डोंगरातलं घर आणि यूएसडीएचं कर्ज

प्रश्न : कोलोरॅडोतल्या डोंगराळ काउंटीत घर बघतोय. यूएसडीएच्या (अमेरिकी कृषी खात्याच्या) हमीवर कर्ज मिळेल का? अर्ज माझ्या एकट्याच्या नावावर करणार आहे.

उत्तर : काउंटी ग्रामीण आहे एवढ्यावर विसंबू नका, यूएसडीएच्या पात्र भागांच्या नकाशावर घराचा नेमका पत्ता टाकून बघा. उत्पन्नाची मर्यादा त्या भागातल्या मध्यक उत्पन्नाच्या ११५ टक्के. गाडी अडते ती इथेच : अर्जावर नाव नसलं तरी घरात राहणाऱ्या प्रौढांची कमाई धरतात, बायकोची अर्धवेळ नोकरीसुद्धा. डाउन पेमेंट शून्य. १ टक्का हमी शुल्क मात्र लागतं, ते कर्जातच घालता येतं. नागरिकत्व नसेल तर साधारणपणे ग्रीन कार्ड हवं, एच-१बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) चालत नाही. विहिरीच्या पाण्याची तपासणी आणि खासगी रस्त्याच्या वहिवाटीची नोंद सौद्याआधीच बघा.