वीस नावं पाठ करण्याआधी बाजूची साखळी बघ

अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांची, नावं आणि एकाक्षरी चिन्हं घोकत बसू नकोस. वापरता वापरता ती लक्षात राहतात. सुरुवात बाजूच्या साखळीपासून कर. अमिनो गट, कार्बोक्सिल गट आणि हायड्रोजन तर जवळपास सगळ्यांतच सारखे (प्रोलिनचा नायट्रोजन तेवढा वलयात अडकलेला). खरा स्वभाव ठरतो तो चौथ्या गटावर, म्हणजेच बाजूच्या साखळीवर: पाण्यात रमणारा, पाणी टाळणारा, धन भाराचा की ऋण भाराचा.

हे नीट कळायला सिकलसेल हा रक्ताचा आजार घे. हिमोग्लोबिन या ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, बस इतकंच. पण ग्लुटामिक आम्लावर रक्ताच्या पीएचला ऋण भार असतो आणि व्हॅलिन पाणी टाळतं. ऑक्सिजन सुटला की ते शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतं, लांब तंतू तयार होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. गडचिरोली, नंदुरबारकडच्या कितीतरी घरांत हा आजार आजही आहे, म्हणून मी प्रत्येक नवशिक्याला हेच उदाहरण आधी देतो.

यानंतर हिस्टिडिनकडे वळ. त्याच्या बाजूच्या साखळीचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर प्रोटॉन असतो तो आकडा) ६ च्या आसपास, म्हणजे पेशीतल्या पीएचजवळ असल्याने ते प्रोटॉन सहज घेतं आणि सोडतं. कितीतरी एन्झाइमांचं काम त्यावरच चालतं.