दर रविवारी चर्चला गेलंच पाहिजे, असं बायबलमध्ये खरंच लिहिलंय का?

नाही, "दर रविवारी हजर राहा" अशी थेट आज्ञा नव्या करारात (बायबलच्या दुसऱ्या भागात) कुठेच नाही. रविवार चुकवणं पाप आहे हे ठसवायला बहुतेक वेळा इब्री लोकांस पत्रातलं 10:25 (अध्याय 10, वचन 25: एकत्र येणं सोडू नका) दाखवतात. ते एकटं वाचू नका. वचन 19 पासून अध्याय संपेपर्यंत सलग वाचा. तिथले विश्वासणारे निंदा, संकटं, मालमत्तेची लूट सोसून आलेले आहेत आणि काहींनी एकत्र येणं सोडलंय. लेखक त्यांना सांगतो, एकमेकांना धीर द्या, प्रीतीला आणि सत्कर्मांना उत्तेजन द्या. हजेरी मोजण्याचा तिथे मागमूसही नाही.

आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमण्याची प्रथा मात्र जुनी आहे (प्रेषितांची कृत्ये 20:7). तरी सण किंवा शब्बाथ (यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस) यांवरून कोणी तुम्हाला दोषी ठरवू नये, असं प्रेषित पौल कलस्सैकरांस पत्रात (2:16) लिहितो. कॅथलिकांचं वेगळं: तिथे रविवारची मिस्सा (सामूहिक उपासना) चर्चच्या कायद्यानेच बंधनकारक आहे, गंभीर कारण असेल तर सूट.

पण म्हणून घरी एकट्याने वाचन केलं की झालं, असं मला अजिबात वाटत नाही. "एकमेकांची ओझी वाहा" (गलतीकरांस 6:2) हे एकट्याने कसं पाळणार? प्रिस्किल्ला आणि अक्विला या सुरुवातीच्या ख्रिस्ती जोडप्याच्या घरी मंडळी जमायची, तसं चार घरांनी जमलात तरी चालेल. आणि पाळकांना हे अध्याय उघडून बिनधास्त विचारा. बिरुया शहरातले लोक खुद्द पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात पडताळून पाहत, आणि कृत्ये 17:11 मध्ये त्याबद्दल त्यांची वाखाणणीच केली आहे.