वंशावळीतले भटके स्वल्पविराम

वंशावळीच्या प्रोग्राममधून छापलेल्या अहवालात ठिकाणांच्या नावांत भटके स्वल्पविराम दिसले, तर ते तयार अहवालात खोडत बसू नका, पुढच्या वेळी ते पुन्हा उगवतील. मूळ नोंद दुरुस्त करा. जेडकॉम (GEDCOM, वंशावळीची माहिती साठवायची फाइल-पद्धत) पद्धतीत ठिकाणाचे टप्पे स्वल्पविरामाने तोडतात: गाव, तालुका, जिल्हा, राज्य. तालुका रिकामा राहिला की ‘महाल, , नागपूर’ असं छापून येतं. काही प्रोग्राममध्ये रिकामे टप्पे गाळायची सोय असते, ती आधी शोधा. ठिकाणापुढे पूर्णविराम देऊ नका. वाक्य जुळवताना प्रोग्राम स्वतःचा देतो, मग दोन दिसतात. आडनावाभोवतीच्या तिरप्या रेघा मात्र फाइलमधून पुसू नका, आडनाव त्यांवरूनच ओळखलं जातं.

आणि हो, आजोबांचा जन्म १९६० पूर्वीचा असेल तर राज्य ‘महाराष्ट्र’ लिहायची घाई नको. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. मला ही चूक स्वल्पविरामापेक्षा जास्त खुपते.